पिशवीतला ट्रक

माझ्या भाजीच्या पिशवीत एक दहाचाकी ट्रक आहे. खोटं वाटत असेल तर माझ्या लेकीच्या कंपनीच्या नकाशावर बघा. बोईसर स्टेशनपासून जरा आत, जिथं कुठलाच ट्रक शिरू शकणार नाही अशा गल्लीत, एक हिरवा ठिपका दिसेल. ठिपक्यावर बोट ठेवलं की गाडीचा नंबर येतो आणि त्याखाली ड्रायव्हरचा मोबाइल. तो मोबाइल माझा. ट्रक म्हणजे अंगाच्या साबणाएवढी काळी डबी, कांद्याबटाट्यांच्या खाली पडलेली. गाडी कुठे आहे ते कंपनीला सतत कळवणारं हे यंत्र ट्रकला बसवायचं असतं. ते माझ्या पिशवीत कसं आलं आणि त्याच्यापायी मी म्हातारपणी काय उद्योग केले, ते सांगते.

त्यासाठी आधी त्या बाईबद्दल सांगायला हवं. ती बाई म्हणजे मीच, पण आज समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. औद्योगिक वसाहतीत रंगाची रसायनं करणाऱ्या एका कारखान्यात ती डिस्पॅचला होती. मालाचे ट्रक बाहेर काढायचे, कच्च्या मालाचे आत घ्यायचे आणि रस्त्यावर असलेल्यांची खबर ठेवायची. अंबाड्यात पेन खोचलेलं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलुपं कधीच भंगारात गेलेली. चाल अशी, की वसाहतीचा भोंगा हिला विचारूनच वाजतो. फोन उचलला की हॅलो नाही, नमस्कार नाही. "डिस्पॅच!"

आता आमच्याकडची एक रीत. हायवेवरून बोईसरकडे वळतात तो चिल्हार फाटा. ड्रायव्हरनं रस्त्यातल्या फोनबूथवरून फोन केला आणि आपण विचारलं, कुठवर आलात, की तो म्हणणार, "बस, चिल्हार फाटा." भरूचला चहा पीत असला तरी चिल्हार फाटा. अजून गाडी भरली नसली तरी चिल्हार फाटा. ही रीत रिक्षावाल्यांपासून कँटीनच्या महाराजापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. डिस्पॅचबाईंना तेवढी नव्हती. ती ताठ मानेनं मॅनेजरच्या केबिनमध्ये जायची आणि सांगायची, "साहेब, फाट्यावर आलाय. अर्ध्या तासात गेटवर." एकदा एक ट्रक दोन दिवस फाट्यावरच होता. मॅनेजर म्हणाले, "बाई, त्याला आता तिथलं रेशनकार्ड काढून द्या." सगळे हसले. तीही हसली, आणि पुढच्या ट्रकवर पुन्हा तसाच विश्वास ठेवला.

निवृत्त होताना तिला मनापासून वाटत होतं, की सोमवारी कारखाना बंद पडणार. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आली आणि सोमवारी मुद्दाम त्या रस्त्यानं भाजीला गेली. गेटवर ट्रकांची रांग व्यवस्थित पुढे सरकत होती. वॉचमन नवा होता. म्हणाला, "किससे मिलना है, माताजी?" ती म्हणाली, "कोथिंबीर कुठे मिळेल?" रसायनाच्या कारखान्याच्या गेटवर!

माझी लेक या चिल्हार फाट्याच्या गोष्टी ऐकतच मोठी झाली. ती कॉलेजात असताना तिचे वडील गेले, त्यानंतर घरात दोघीच. कॉम्प्युटर शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि एक दिवस नोकरी सोडून बॅगेसकट दारात उभी राहिली. चहा पिता पिता म्हणाली, "आई, ट्रकनंच सांगितलं की मी अमुक ठिकाणी आहे, तर?"

"मग ड्रायव्हर काय करेल?"

"गाडी चालवेल."

कंपनी सुरू झाली ती आमच्या हॉलमध्ये. तिच्याबरोबर शिकलेले दोघे आले, मग अणुकेंद्राच्या कॉलनीत वाढलेला एक चष्मेवाला आला, मग आणखी मुलंमुली. इलेक्ट्रिशियननं भिंतीला ओळीनं प्लग लावून दिले. जमिनीवर वायरी अशा, की मी पोहे घेऊन जाताना शेतातल्या बांधावरून चालल्यासारखी चालायची.

यंत्रं होती, पण सुरुवातीला ट्रक कोण देणार? मग यंत्राची परीक्षा घ्यायला पोरांनी ते माझ्या पिशवीत टाकलं, यादीत त्याला ट्रक म्हणून नंबर दिला आणि ड्रायव्हरचा म्हणून माझा मोबाइल लिहिला. मी बाजारात गेले की हॉलमध्ये सगळे पडद्यापुढे. "काकू, ट्रक मासळीबाजारात शिरला!" असा फोन यायचा. मी बोंबील निवडत असायचे. मासळीवालीनं पिशवीत डोकावून विचारलं, "ह्या काय हाय?"

"ट्रक हाय."

"मंग बोंबील मागं भरू का पुढं?"

वाणगावला बहिणीकडे आगगाडीनं गेले, तेव्हा आमचा दहाचाकी रुळांवरून धावला. परत आले तर चष्मेवाला कपाळाला हात लावून बसलेला. "काकू, सॉफ्टवेअरला वाटलं गाडी पळवून नेली."

पुढे खरे ट्रक मिळाले. मग नवी अडचण आली. गाडी कुठे थांबली ते यंत्र सांगे, का थांबली ते त्याला कळत नसे. म्हणून लेकीनं ठरवलं, गाडी फार वेळ उभी राहिली की ड्रायव्हरला फोन करून विचारायचं. हे काम मला मिळालं. डिस्पॅचबाई पुन्हा जागी झाली, अंबाड्यात पेनसुद्धा खोचलं. आठवडाभरात लेकीनं मला त्या खुर्चीवरून उठवलं. "आई, तुला गाडी का थांबली ते विचारायला सांगितलंय. तू त्यांच्या मुलींची लग्नं जमवतेयस." एका जमलेल्या लग्नाची पत्रिका नंतर आली, ती मी तिला दाखवली नाही.

कंपनी वाढत गेली. आधी गाडी कुठे आहे एवढंच सांगायची. मग कारखानदार म्हणाले, गेटवर कुठली गाडी आधी घ्यायची तेही सांगा. मग गोदामात किती माल उरलाय तेही. मग पुढचा कच्चा माल कधी मागवायचा तेही. लेक सगळ्यांना "होऊन जाईल" म्हणायची आणि घरी येऊन डोकं धरून बसायची. मला ते "होऊन जाईल" फार ओळखीचं वाटायचं. फरक इतकाच, की हिचं खरंच होऊन जायचं.

हॉल पुरेना, तेव्हा स्टेशनजवळ हार्डवेअरच्या दुकानावरचा गाळा घेतला. मग पालघरला ऑफिस झालं. मग पुण्याला, काचेच्या इमारतीत. दर वेळी सामान न्यायचा टेम्पो मीच ठरवला. पहिल्यांदा खुर्च्या गेल्या, मग पांढरा फळा, मग तो फ्रिज, ज्यात पोरं माझ्या दह्याशेजारी कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवायची. शेवटच्या टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी लेक बसली. मी हात केला. तिनं केला असावा, पण तिच्या कानाला फोन होता.

हॉलच्या भिंतीला प्लगांची रांग अजून आहे. एकात माझा मोबाइल चार्ज होतो. बाकीची भोकं दिवसभर माझ्याकडे बघत असतात. सकाळी शिफ्टच्या बसेस जातात, संध्याकाळी येतात. वरच्या मजल्यावर कामगार भाड्यानं राहतात. 'अम्मा, नमस्ते' म्हणून जिना चढतात. चेहरा ओळखीचा होईतो ते खोली सोडून गेलेले असतात. लेकीचा संसार आता पुण्यातच, तिचा फोन रविवारी.

"जेवलीस?"

"जेवले."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"बाकी?"

"मजेत."

मग नात येऊन "आज्जी, बाय" म्हणते. आधी हाय, मग बाय असं असायला हवं, पण तिला घाई असते.

असंच एकदा कपाट आवरताना ती काळी डबी सापडली. वेळ जाईना म्हणून चार्जिंगला लावली. दिवा लागला. जुनी मैत्रीण भेटावी तसं वाटलं. पिशवीत टाकून बाजारात जाऊन आले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. रविवार नव्हता.

"नमस्ते भैया, कंट्रोल रूम से बोल रही हूँ. आपकी गाडी सुबह से बोईसर में खडी है. कुछ प्रॉब्लेम है क्या?"

कंपनीच्या यादीतून परीक्षेचा तो ट्रक कोणी पुसलाच नव्हता. ती डिस्पॅचबाई असती तर ताठपणानं राँग नंबर म्हणाली असती. मी म्हटलं, "पंक्चर है."

"आप ड्रायव्हर की मम्मी बोल रहे हो?"

"ड्रायव्हरच बोल रही हूँ."

"ओके मॅडम. टायर बदलने में कितना टाइम लगेगा?"

"जॅक नहीं है."

तिनं ते लिहून घेतलं. फोन ठेवला आणि मी पंख्याखाली बसून एकटीच हसत सुटले. मग हसू थांबलं, आणि उद्या परत फोन येईल का, याचा विचार करत बसले.

आला. रोज येऊ लागला. मी रोज कारण शोधायची. शिफ्ट सुटलीय, गेट बंद आहे, पुढे म्हशी बसल्यात. तिच्या हिंदीत जागोजागी 'च' यायचा, म्हणून एके दिवशी विचारलं, "जेवलीस का गं?" पलीकडे चुळबूळ झाली आणि हळूच आवाज आला, "डब्यात आज पण दोडकाच आहे हो, मावशी." लातूरकडची पोर, पुण्यात चौघींच्या खोलीत राहणारी. हा ट्रक काय आहे, हे तिला कधीच कळून चुकलं असणार. तिनं विचारलं नाही. फक्त म्हणायची, "मावशी, आज कारण काय लिहू?"

कंपनी माझ्या लेकीची आहे, हे मी तिला सांगितलं नाही. पण लेकीला न सांगितलेलं बरंच सांगितलं. की मी आतल्या खोलीत टीव्ही लावून ठेवते आणि बाहेर बसते, म्हणजे आत कोणीतरी बोलतंय असं वाटतं. की भाजी एका माणसाची करायला मला अजून जमत नाही. ती ऐकायची, मग म्हणायची, "मग गेट बंद लिहिते."

एका रविवारी लेक फार खुशीत होती. "आई, आता गाडी थांबली की मशीनच ड्रायव्हरला फोन करणार. त्याच्या त्याच्या भाषेत. माणूस लागणारच नाही!"

"छान," मी म्हटलं.

"काय झालं?"

"काही नाही. छान म्हटलं ना."

त्या पोरीचा शेवटचा फोन आला. "मावशी, मी उद्यापासून बिलिंगला चाललेय. तब्येत सांभाळा." जरा थांबून म्हणाली, "ट्रकची."

दुसऱ्या दिवशी मशीन बोललं. आवाज गोड, बातम्या देणारीसारखा. "नमस्कार. आपले वाहन बराच वेळ थांबले आहे. वाहतूक कोंडीसाठी एक दाबा. वाहन नादुरुस्त असल्यास दोन दाबा." मी हॉलभर नजर फिरवली आणि एक दाबला. माझ्या हॉलमध्ये वाहतूक कोंडी! "धन्यवाद," म्हणालं आणि बंद झालं. जेवलीस का, हे त्याला विचारायची सोय नव्हती.

मग माझ्या लक्षात आलं, सगळ्यात शेवटी ते म्हणतं, इतर कारण असल्यास नऊ दाबा आणि बोला. मी नऊ दाबला. बोंबील सुकवायला घातले होते, त्यांच्यावर कावळा आला, म्हणून गाडी थांबलीय. पुढच्या दिवशी बहिणीच्या सुनेची तक्रार. त्याच्या पुढच्या दिवशी गुडघा. ऐकणारं कोणी नाही याची खात्री होती, म्हणून तर बोलता येत होतं. एकदा काहीच सुचलं नाही. फोन कानाला धरून बसले, आणि बंद व्हायच्या आधी म्हटलं, "गाडी ठीक आहे. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून थांबलीय."

बुधवारी भर दुपारी लेकीचा फोन. या वेळी ती कधीच करत नाही.

"आई, तू ट्रक आहेस का?"

ऑफिसात मोठ्या टेबलाभोवती बसून ते 'इतर कारणं' ऐकत होते. ड्रायव्हर कशाकशासाठी थांबतात ते बघून मशीनला नवे आकडे द्यायचे होते. "पहिलं कावळ्याचं वाजलं. सगळे हसले. मीही हसले, आई. तुझा आवाज ओळखेपर्यंत हसत होते. मग पुढचं. मग... रविवारी तर तू मजेत म्हणतेस."

"रविवारी मजेतच असते. तुझा फोन येतो ना."

"पुण्याला ये."

"तिथं तू तरी घरी असतेस का?"

तिनं घाईनं फोन ठेवला. पण तोडगा काढल्याशिवाय राहायची नाही ती. संध्याकाळी पुन्हा फोन करून म्हणाली, "ऐक. तुझ्या गाडीसाठी मशीनचा फोन बंद केला. ती फार वेळ थांबली की सूचना सरळ माझ्या मोबाइलवर येईल. मग मीच तुला करेन."

तिनं शब्द पाळला. लिफ्टमधून केला, विमानतळावरून केला, नातीच्या शाळेच्या फाटकातून केला. "आई, बोल. दोन मिनिटं आहेत." आणि मला धड दोन वाक्यं सुचेनात. एकदा तिच्यामागे माणसं थांबल्याचं कळत होतं. "सॉरी, घरचा आहे, एक सेकंद," असं कोणाला तरी म्हणाली. आवाजात धाप होती. माझ्याच लेकीला मी गेटवर ताटकळत उभं केलंय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सूचना जायच्या आधीच मी पिशवी उचलून बाहेर पडू लागले. सोसायटीला वळसा, रिक्षास्टँडपर्यंत, परत. गाडी हलली की झालं. उन्हात डोक्यावर पदर, पावसात छत्री. रिक्षावाला म्हणायचा, "आजी, काय हरवलं काय?"

"नाही रे. ट्रक हलवतेय."

फोन यायचे बंद झाले. रविवारी लेक कौतुकानं म्हणाली, "आई, हल्ली छान फिरतेस तू. नकाशावर बघते ना मी." आणि नातीला म्हणाली, "बघ, आज्जी किती ॲक्टिव्ह आहे."

मी म्हटलं, "मजेत."

असे कित्येक आठवडे गेले. मग एका दुपारी वेळ झाली, पिशवी दाराशीच होती, आणि मी उठले नाही. गुडघा दुखत होता, पण रोजच दुखतो. पिशवीकडे बघत बसले. पंखा फिरत होता. बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. आत टीव्हीवर कोणी तरी कोणाला तरी जाब विचारत होतं. उठून तो बंद केला आणि पुन्हा बसले.

फोन वाजला.

"काय ड्रायव्हरसाहेब, गाडी का थांबली?" लेक मजेत होती त्या दिवशी. मागे ऑफिसचा गलका होता.

पंक्चर आहे, म्हशी बसल्यात, सगळं ओठावर आलं. म्हटलं, "चालून चालून कंटाळले."

"म्हणजे?"

"तुला फोन करायला लागू नये, म्हणून रोज पिशवी घेऊन चालत होते."

मागचा गलका कमी झाला. ती बाहेर आली असावी, कुठल्या तरी जिन्यात. म्हणाली, "मग आज का नाही चाललीस?"

"तू करावास म्हणून."

मला वाटलं, आता पुन्हा तोडगा येणार. नवी सूचना, नवा आकडा. पण ती नुसती श्वास घेत होती. लहानपणी रडू आवरताना घ्यायची तसा.

"शनिवारी येते," म्हणाली.

शनिवारी आली, एकटीच. लॅपटॉप आणला होता, पण तो बॅगेतून काढला नाही. सुक्या बोंबलांचं कालवण आणि भात, ताट स्वच्छ करून जेवली. मग हॉलमध्ये जमिनीवरच आडवी झाली, प्लगांच्या रांगेखाली, माझी उशी घेऊन. पुण्याच्या घरात माझ्यासाठी कुठली खोली, खिडकीतून काय दिसतं ते सांगायला लागली. मी ऐकत होते. हो म्हणायचं की नाही ते ठरत नव्हतं, आणि तिलाही ते माहीत होतं. "आणि आई, खाली बाग आहे, तिथं बायका..." एवढं म्हणाली आणि झोपली. दोन्ही हात छातीशी, तोंड जरा उघडं.

काही वेळानं तिच्या उशाशी ठेवलेला मोबाइल थरथरायला लागला, मग वाजायला. मी चष्मा न लावता वाचलं. 'वाहन बोईसर येथे बराच वेळ थांबले आहे. चालकाशी संपर्क साधा.'

झडप घालून तो उचलला, पदराखाली दाबला आणि स्वयंपाकघरात पळाले. गुडघा विसरून. दिसेल ते बटण दाबत सुटले तेव्हा कुठे तो गप्प झाला. बाहेर येऊन बघितलं, लेक फक्त कुशीवर वळली होती. मी पिशवी दाराजवळून उचलून आत ठेवली, कोणी अडखळू नये म्हणून, आणि तिच्या पायाशी भिंतीला टेकून बसले.